करंजीच्या घाटावरची राख

ब्रेक दाबला की मोटार अशी थरथरायची की मांडीवरची औषधांची पेटी मला दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागे. लढाईचे दिवस होते, पेट्रोल कुपनावर मिळे, आणि आम्ही भिंगारहून शेवगावला निघालो होतो. बाळांनो, तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, तिथे बाळंतपणात अडल्या होत्या. मूल आडवं आलं होतं आणि सुईणीनं हात टेकले होते. आजोबा डॉक्टर, म्हणून सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं आलेल्या माणसाबरोबर त्यांना निरोप आला होता. निघताना मी देवापुढे उभी राहून 'वेळेवर पोचव' एवढंच मागितलं होतं. आणि आता ही गाडी. खरं सांगते, त्या वाटेवर मला वाटलं की आपलं म्हणणं वर कुठे जातच नाही.

करंजीचा घाट उतरायच्या आधी आजोबांनी गाडी बाजूला घेतली. "ही अशी खाली नेली तर दोघंही तिच्यापर्यंत पोचायचो नाही," ते म्हणाले. मग शांतपणे एकेक गोष्ट तपासू लागले. गाडी नुसती चालताना हलत नव्हती, ब्रेक लावला तरच हलायची. चाकाचे नट त्यांनी पाना लावून पाहिले, घट्ट होते. स्टिअरिंग मात्र दर वेळी डावीकडे हिसका घेई. त्यांनी मला रस्त्यावर उभं केलं आणि गाडी अगदी हळू चालवत ब्रेक दाबला. पुढचं डावं चाक धरत होतं, सुटत होतं, पुन्हा धरत होतं. त्याच चाकावर धुळीचा एक ओला ओघळ चिकटलेला दिसला. मी बोट लावून वास घेतला. तो आमच्या समईतल्या तिळाच्या तेलाचा होता.

मग सगळा उलगडा झाला. सासूबाईंच्या माहेरी बैलगाडी लांबच्या वाटेला निघाली की चाकाच्या आसाला तेल घालायचे आणि हळदकुंकू वाहायचे. मोहट्याची देवी त्यांचं कुलदैवत. तिच्यापुढच्या समईतलं तेल घेऊन त्या सकाळी मोटारीजवळ गेलेल्या मी पाहिल्या होत्या. चाकाच्या आत ब्रेकचा गोल ड्रम असतो, आणि आतलं तपासायला त्याला एक भोक ठेवलेलं असतं. ते तेलासाठीच आहे असं त्यांना वाटलं. उजव्या चाकाचं भोक खालच्या अंगाला होतं, म्हणून ते वाचलं.

"आईनं साकडं देवीला घातलं," आजोबा बाह्या सारत म्हणाले, "आणि तेल ब्रेकला." मला हसू आलं नाही. इतक्या मनापासून केलेली भक्ती आम्हाला दरीच्या तोंडाशी आणते, तर मग तिचा उपयोग काय, हाच विचार मनात घुटमळत राहिला.

त्यांनी जॅक लावून चाक काढलं, ड्रम उतरवला. आतल्या पट्ट्या तेलानं चकाकत होत्या. फडक्यानं पुसल्या तरी तेल सुटेना, आणि पेट्रोलनं धुवायच्या तर पुढे जायला ते उरलं नसतं. इतक्यात रस्त्याच्या खालच्या अंगाला मला धूर दिसला. तेलकट भांड्याला राख लागते, हे कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. मी पदर खोचून उतरले.

तिथे एक धनगरीण तीन दगडांच्या चुलीपाशी उभी होती. हातात पाण्याचा तांब्या, विस्तवावर ओतायच्या बेतात.

"अगं बाई, थांब," मी म्हटलं. "मला तुझी राख हवी आहे. कोरडी."

"राख? न्या की," ती म्हणाली. "पन भांडी तर कुटं दिसंनात, बाई."

"मोटारीचं चाक घासायचंय."

तिनं वर रस्त्याकडे पाहिलं. "मोटार बी खरकटी व्हती व्हय?" म्हणून ती हसली आणि तांब्या खाली ठेवून पत्र्याच्या डब्यात राख भरू लागली. मी विचारलं, "एकटीच कशी?"

"समदी म्होरं गेली. मेंढी अडली हुती, म्हनून मी मागं ऱ्हायले. आत्ता मोकळी झाली. निगालेच हुते."

कांबळ्यात गुंडाळलेलं ओलं कोकरू तिच्या पायाशी होतं. मी डबा घेऊन वर आले.

राख पदरातून चाळून आम्ही दोघांनी पट्ट्या घासल्या, झटकल्या, पुन्हा घासल्या. राख काळी होणं थांबलं तेव्हा आजोबांनी ड्रम आणि चाक बसवलं. सपाटीवर ब्रेक दाबून पाहिला. गाडी आधी थोडी कुरकुरली, मग सरळ उभी राहिली. घाट आम्ही सावकाश उतरलो.

शेवगावला पोचलो तेव्हा वन्संच्या कण्हण्यातही त्राण उरलं नव्हतं. आजोबा हात धुऊन आत गेले आणि मी ओसरीवर बसले. मुलगी झाली. वन्सं वाचल्या. बाहेर येऊन आजोबा म्हणाले, "आणखी उशीर तिला सोसला नसता." घरी परतल्यावर त्यांनी सासूबाईंना एवढंच सांगितलं, "आई, मोटारीला नुसतं हळदकुंकू पुरतं."

त्या बाईनं पाणी ओतायच्या आत मी तिथे कशी पोचले, हे मी कुणाला पटवून देत बसत नाही. आपली माणसं पुढे गेली आणि आपण मागे अडकलो, म्हणून तीही पहाटे देवाशी भांडली असेल. तिचं थांबणं आमच्या कामी येणार आहे हे तिला ठाऊक नव्हतं. आमचं थांबणं कुणाच्या कामी आलं असेल, ते मला ठाऊक नाही.

त्या दिवशी शेवगावला आतून बाळाचं पहिलं रडणं आलं तेव्हा मी हात जोडले आणि काय म्हणावं ते सुचेना. ते न सुचणंच मला फार हलकं वाटलं. तेव्हापासून मी देवापुढे तशीच उभी राहते, बाळांनो. तुमची सगळ्यांची नावं घेते, आणि मागत काही नाही.