ब्रेकवाले याकोबभाऊ

ब्रेकचं काम झालं की याकोबभाऊ गाडीची चावी नुसती हातात देत नसत. गिऱ्हाइकाला गाडी चालवायला लावायचे, स्वतः शेजारी बसायचे आणि एखाद्या उतारावर घेऊन जायचे. "ब्रेक म्या केलाय ना? मंग पयल्या उताराला म्याच बसनार," असं त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी कितीही घाईत असो, सुटका नव्हती. सावेडीत आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. साठीकडे झुकलेला सडपातळ माणूस. रविवारी चर्चला जाताना पांढराशुभ्र शर्ट, बाकी सहा दिवस ऑइलने काळी पडलेली खाकी पँट.

मी पाथर्डीजवळच्या एका शाळेत शिकवते. रोज करंजी घाट उतरून जायचं, संध्याकाळी चढून यायचं. माझी छोटी हॅचबॅक तेव्हा दहा वर्षांची झाली होती. सोबत आमच्याच शाळेतल्या शबाना मॅडम असायच्या. एकदा घाटात पुढचा टेम्पो एकाएकी थांबला आणि आमची गाडी त्याच्या मागे जेमतेम हातभर अंतरावर थांबली. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. मागच्या चाकांचे जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक काढायचे आणि डिस्क ब्रेक बसवायचे. महागड्या गाड्यांना चारही चाकांना डिस्क असतात, मग मला का नको?

याकोबभाऊंनी ऐकून घेतलं. चाकं काढून पाहिली, गाडीखाली शिरले आणि अर्ध्या तासानं हात पुसत बाहेर आले.

"मागं डिस्क नका लावू, मॅडम."

"का?"

"ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालती. सगळं वजन पुढं जातं. थांबवायचं काम पुढचीच चाकं करत्यात, अन् तिथं तुमाला डिस्क हायच. तिचे पॅड पार घासलेत. ब्रेक ऑइल जुनं झालंय, टायर कडक पडलेत. ते बदला. मागचे ड्रम मी साफ करून देतो. या गाडीला तेवढं लई झालं."

"पण डिस्क जास्त चांगली असते ना?"

"असती की. पन दुसऱ्या गाडीची काढून हिला लावली, अन् मागचं चाक पुढच्याच्या आधी जाम झालं, तर गाडी शेपटाकडून फिरती. नुसतं थांबून काय करता? सरळ थांबाया पायजे."

मला वाटलं, म्हातारा माणूस, नव्याला घाबरतो. मी गावाबाहेरच्या दुसऱ्या गॅरेजात गेले. तिथं मोठ्या गाडीच्या डिस्क दोन दिवसांत बसवून मिळाल्या. काढलेले ड्रम त्यांनी पोत्यात घालून डिकीत ठेवले. त्यानंतर मी याकोबभाऊंच्या शेडवरून जायचं टाळू लागले.

तीन आठवडे सगळं झकास चाललं. मग एका सकाळी घाट उतरताना, वळण घेतलं आणि समोर रस्ता भरून मेंढ्या. रस्त्यावर बारीक खडी पसरलेली. मी ब्रेक दाबला. मागचा भाग एकदम डावीकडे सरकला. स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी ऐकेना. शबाना मॅडमनी "या अल्लाह" म्हणून माझा दंड धरला. गाडी आडवी झाली, घसरत गेली आणि मागचं चाक कठड्याला धडकून थांबली. कठड्यापलीकडे दरी होती. मेंढपाळ ओरडत धावत आला.

फोन मी याकोबभाऊंनाच केला. ते स्कूटरवरून आले. "लागलं का कुनाला?" हा पहिला प्रश्न. मग वाकून त्यांनी रस्त्यावरच्या खुणा पाहिल्या. खडीत मागच्या चाकांचेच दोन वाकडे पट्टे उमटले होते.

"तुम्ही सांगितलं होतं," मी म्हणाले.

"ते ऱ्हाऊ द्या. घरी कळवलं का?"

त्यावर पुन्हा ते कधी एक शब्द बोलले नाहीत. गाडी ओढून नेली, पोत्यातले ड्रम परत बसवले, पुढचे पॅड आणि चारही टायर नवे घातले. मग मला घेऊन थेट करंजी घाटात आले.

तेच वळण जवळ येऊ लागलं तसं मी स्टिअरिंग घट्ट धरलं. आरशात पाहून ते म्हणाले, "मागं कुनी न्हाई. दाबा. जोरात."

माझा पाय उचलेना. "मला नाही जमणार."

"मी हाय ना शेजारी. फिरली तर दोघं फिरू."

त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करतायत. विचारलं तर म्हणाले, "न्हाई वो, टायरचा आवाज ऐकतोय. दाबा आता."

मी डोळे मिटायचे तेवढे बाकी ठेवून पेडल दाबलं. गाडीनं नाक खाली घातलं आणि ती जिथल्या तिथं, सरळ रेषेत उभी राहिली. ते खाली उतरले, चारही चाकं बघून आले आणि म्हणाले, "आता जावा रोज खुशाल शाळंला."

मागच्या वर्षी एकदा गेले तर शेडला कुलूप होतं, बोर्डही उतरवलेला. घरी गेले. ते दारात खुर्ची टाकून बसले होते.

"बंद का केलंत?"

"साखरेनं पाय बधिर झालेत. परवा एक गाडी मी चालवून बघितली, मला ब्रेक ठीक वाटला. उतारावर गिऱ्हाईक म्हनलं, पेडल खाली चाललंय. त्याला कळलं, मला न्हाई. त्याच दिवशी कुलूप लावलं."

"काही झालं तर नाही ना? पेडल दुसऱ्या कुणाला तरी दाबायला सांगायचं, तुम्ही नुसतं बघायचं."

"लोक माझ्या पायाच्या भरवशावर घाट उतरत्यात, मॅडम. त्या पायालाच कळंना, तर लोकांना काय सांगू?" बोलताना आवाज शांत होता, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

निघताना ते मला सोडायला फाटकापर्यंत आले. मागे वळून पाहिलं तर त्यांच्या उजव्या पायातली चप्पल खुर्चीजवळच राहिली होती. त्यांना पत्ताच नव्हता. मी परत गेले, चप्पल उचलून आणली आणि खाली बसून त्यांच्या पायात घातली.