खाली जाऊन आलेला दगड

एसटीत शेजारी कोण बसलं म्हटल्यावर तुम्ही कॉलेजातली पोरगी धरून चालला असाल. न्हाई हो, मावशी होत्या, माझ्या आईपेक्षा थोरल्या. नायगावपासून लातूरपर्यंत मांडीवरचा निळसर दगड अंगठ्यानं पुसत होत्या, बाळाचं तोंड पुसावं तसा.

"मावशी, आपल्याकडं काळे दगड कमी पडले का?" मी कंडक्टरच्या आवाजात विचारलं.

त्या हसल्या. "फौजेतल्या पोरानं लडाखातनं आणलाय. समुद्राच्या तळाचा हाय म्हणं. जमिनीखाली वढला गेला, लई खोल. तिथं दबून निळा झाला, अन् परत वर आला."

मग अंगठा थांबला. "यवढ्या खोलातनं दगड वर येतोय, बाबा. भूकंपात माझी लेक तर एका भिताडाखालीच होती."

माझ्या नकला तिथंच आटल्या. त्यांच्या जुन्या गावाकडची गाडी येईपर्यंत मी लातूरच्या स्टँडवर त्यांच्याजवळ बसून राहिलो.

क्लासच्या होस्टेलवरून आईला फोन केला तो उशिराच.

"पोचल्यावर फोन करायला हात मोडले का रं? हितं जीव टांगणीला लागलाय!"

एरवी मी तिचीच नक्कल करून फोन ठेवतो. त्या दिवशी म्हटलं, "अजून बोल की, आई."

"येड लागलंय का तुला? जेवलास का, ते सांग आधी!"