खड्ड्याचे माप

माप घेतल्यावाचून आकाशावरही विश्वास ठेवू नये, असे मानणारा एकच मनुष्य मी पाहिला: आखाती देशातल्या बनेद अल-गार वस्तीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे, रत्नागिरीकडचे शिंपीचाचा. एकोणीसशे साठच्या आगेमागे आम्ही तिथे होतो. गळ्यातली फीत ते झोपतानाच काढीत असावेत. सुरमई घेतानाही ते तिला डोक्यापासून शेपटापर्यंत मापत. माझ्या तान्ह्या मुलाला पाहायला आले, तेव्हा आशीर्वादाआधी त्याचे खांदे मापून म्हणाले, "माशाल्ला! बेचाळीस छाती होणार."

अशा माणसाला रस्त्याने पाडले. शिवलेले कपडे घेऊन शेजारच्या दस्मान वस्तीकडे निघालेली त्यांची सायकल खड्ड्यात गेली, पुढचे चाक जिलबीसारखे वळले, उजवे मनगट सुजले. ईद तोंडावर होती आणि गिऱ्हाइकांचे कपडे पोचायचे होते. माझ्या यजमानांनी आपली सायकल देऊ केली, तर चाचा उसळले, "खड्डा तुमचा हाय काय? ज्याचा खड्डा, त्यानंच चाक द्यावं!"

नगरपालिकेसाठी इंग्रजी अर्ज मी लिहिला. लिहिलेल्याचा 'खोल खड्डा' असा अर्थ सांगताच त्यांनी मला थांबवले, "खोल म्हंजे किती, बाय? नऊ इंच लिव." पडल्यापडल्याच, अंगावरची धूळही न झटकता, कपड्यांवरचा खाकी कागद पसरून त्यांनी खडूने खड्ड्याची कड आखली होती. पुढे दुकानात तो कागद, एखाद्या शेरवानीचा असावा तसा, नीट कातरला होता.

अर्ज दिला आणि धुळीचे वादळ उठले. दोन दिवस दातांखाली रेती करकरत राहिली; सूर्य हळदीच्या पाण्यासारखा फिकट झाला. तिसऱ्या दिवशी पाहणीला अधिकारी आला, तेव्हा रस्ता तळहातासारखा सपाट होता.

"खड्डा कुठे आहे?" त्याने हसत अरबीत विचारले.

चाचांनी विजेच्या खांबापासून, कागदावर टिपून ठेवलेले अंतर मोजले, कागद अंथरला, बोटाने रेतीत कड उमटवली आणि एका हाताने आतली रेती उपसू लागले. त्या रेषेबरहुकूम डांबराची कड उघडी होत गेली, डावीकडच्या बारीक खाचेसह. अधिकाऱ्याचे हसू मावळले. चाचांनी फीत पुढे केली. नऊ इंच. मापायला गुडघ्यांवर बसलेल्या अधिकाऱ्याने तिथेच अर्जावर सही केली.

ईदच्या आधी चाक आले. खड्ड्यावर काळेभोर डांबर चढले. मनगट मात्र पुन्हा पुरते वळले नाही. अर्जात त्याचे एक अक्षरही त्यांनी मला लिहू दिले नव्हते. पुढेही त्या जागी आले की ते उतरत आणि सायकल हाताने नेत.

"चाचा, आता कसली भीती?" मी एकदा विचारले.

"भीती नाय, बाय. ज्याचं माप घेतलं, त्याला तुडवत जाववत नाय."

समुद्राकडून खारट वारा येत होता, आणि चाचा डाव्या हाताने हँडल धरून सावकाश चालत होते.