बाहेरून काढलेलं पंक्चर

लंडनच्या वेम्बलीत भाजी घेऊन आम्ही तिघी दुकानातून बाहेर आलो, तर काकूंच्या लेकीच्या गाडीचं मागचं डावं चाक पार बसलेलं. मला आनंद झाला. असं लिहायला बरं वाटत नाही, पण झाला खरा.

काकू म्हणजे लंडनजवळच्या मेडनहेडच्या डॉक्टरीणबाई, आता रिटायर झालेल्या. माझा नवरा नर्स म्हणून इथे आला तेव्हा त्या त्याच्याच हॉस्पिटलात होत्या. त्याच्या मागोमाग मी आले ती थेट त्यांच्या पदरात पडले म्हणा ना. माझी शाळा नववीतच सुटलेली. कौन्सिलचं पत्र आलं की माझ्या छातीत धडधड सुरू, आणि जीपीकडे, म्हणजे इथल्या नेमून दिलेल्या डॉक्टरकडे, जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून वाक्यं पाठ करायची. काकूंनी पत्रं वाचून दाखवली, फॉर्म भरायला शिकवले. ड्रायव्हिंगच्या थिअरी टेस्टला दोनदा नापास झाले, तेव्हा कितीतरी रविवार स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी माझ्याकडून प्रश्न घोटून घेतले. तिसऱ्यांदा पास झाले तर पेढे त्यांनीच वाटले.

आता अशा बाईसाठी आपण करायचं तरी काय? पुरणपोळ्या नेल्या तर म्हणतात, "अगं, शुगर!" साडी नेली तर म्हणतात, "नेसून जाऊ कुठे?" माझ्याकडे द्यायला काही नव्हतंच. आणि मला मनापासून येते अशी गोष्ट एकच. मला पंक्चर काढता येतं.

आमचं दुकान कराडच्या अलीकडे हायवेला होतं. ट्रकची रिम अंगावर येऊन वडिलांचा खांदा गेला आणि माझी शाळा सुटली ती तेव्हाच. ट्रकवाले आधी हसायचे, "काय राव, पोरगी पंक्चर काढणार?" मग दुसऱ्या खेपेला मलाच हाक मारायचे. वर्षं झाली या गोष्टीला, पण इथे येताना मी बॅगेत टोच्या, टायरच्या भोकात ठासायच्या चिकट दोऱ्यांचं पाकीट आणि पक्कड टाकून आणली. कोणी मसाले आणतं, कोणी लोणची. मी हे आणलं.

तर त्या शनिवारी कार पार्कमध्ये काकूंची लेक फोन कानाला लावून उभी. ती इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली, माझ्याच वयाची, काकूंच्याच घरी राहणारी. "हँगर लेनपासून टायरची लाइट आली होती. मला वाटला की सेन्सर खराब आहे," ती म्हणाली. "ब्रेकडाउनवाले दोन तास म्हणतायत."

"स्टेपनी कुठंय?" मी विचारलं.

"काय कुठंय?"

"दुसरं चाक गं, जादाचं."

जादाचं चाक नव्हतंच. हल्ली नसतंच म्हणे, चाकाच्या जागी टायरमध्ये मारायचा एक फेसाचा डबा देतात. काकू वाऱ्यात उभ्या होत्या, नाक लाल झालेलं. मी म्हटलं, "काकू, तुम्ही माझ्या गाडीत बसा. दहा मिनिटं द्या मला."

स्क्रू सापडला. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, त्याच्या कडेपासून दोन बोटांवर. हे मी तेव्हाच पाहिलं होतं, तेव्हाच मनात नोंदलं होतं, ते इथे सांगून ठेवते. वडील म्हणायचे, कडेचं काम घेऊ नये, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. पण वडिलांची कड म्हणजे बाजूची भिंत, आणि हे तर दोन बोटं आत होतं. मी स्वतःशीच वाद घातला आणि जिंकले. स्क्रू ओढला, टोच्याने भोक साफ केलं, दोरी दामटली, वरची टोकं कापली, छोट्या पंपाने हवा भरली. मग बोटाला थुंकी लावून ते दोरीवर फिरवलं. बुडबुडा नाही. काकूंनी ते न पाहिल्यासारखं केलं, डॉक्टर ना शेवटी.

लेकीने टाळ्या वाजवल्या. काकू म्हणाल्या, "आमच्या एवढ्या डिग्र्या, आणि आज काय कामाला आल्या? वाऱ्यात उभं राहायला!" आणि मी फुशारून म्हटलं, "आता वर्षभर बघायला नको."

घरी येईस्तोवर मी गाडीत एकटीच हसत होते.

मंगळवारी माझ्या स्वतःच्या गाडीला नवीन टायर घ्यायला हाउन्सलोतल्या टायरच्या दुकानात गेले. मालक सरदारजी आहेत, आजोबांच्या वयाचे. माझ्याशी हिंदीत बोलतात, मधेच पंजाबी येतं. मी सहज, म्हणजे अगदी सहज नव्हे, कौतुक ऐकायला म्हणून, शनिवारची गोष्ट सांगितली.

त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "टायर रिमवरून काढला होतास?"

"नाही. बाहेरूनच."

"आणि कडेला? किती आत?"

मी दोन बोटं दाखवली. ते उठले. मागे जाऊन एक जुना टायर घेऊन आले आणि त्यात माझा हात घातला. आतून भिंतीला खडबडीत लागत होतं, आणि हात बाहेर काढला तर बोटांना चुलीतल्या काजळीसारखी पूड.

"हवा नसताना चालवला की आतून असा खरवडतो," ते म्हणाले. "बाहेरून नवरीसारखा दिसतो. मग मोटरवेवर तापतो आणि भिंत फाटते. म्हणून इथे नियम असा आहे पुत्तर, की आधी टायर उतरवायचा, आत बघायचं. भोक छोटं असेल, मधल्या पट्ट्यात असेल आणि आतून सगळं ठीक असेल, तर आतून ठिगळ लावून भोक भरायचं. तो टायर मग मजेत चालतो, घाबरायचं कारण नाही. भोक कडेला असेल तर नाही. भिंतीला तर नाहीच. बाहेरून नुसती दोरी घालायची ती फार तर दुकानापर्यंत पोचायला."

"म्हणजे दोरी बेकायदा आहे?"

"कायदा दोरीचं नाव घेत नाही. कायदा म्हणतो, टायर धड पाहिजे. धड नसला आणि पोलिसांनी धरलं, तर दंड चालवणाऱ्याला होतो आणि गुन्ह्याचे पॉइंट त्याच्याच लायसन्सवर चढतात. दोरी घालणाऱ्याच्या नाही." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "मी पण गावी दोरीच घालायचो. टांग्याच्या स्पीडला चालते सगळं."

थिअरी टेस्टसाठी टायरची नक्षी किती खोल हवी ते मी पाठ केलं होतं. आजही सांगते, एक पॉइंट सहा मिलिमीटर. पण पंक्चर काढायचं कसं, हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मी छाती पुढे काढून चुकीचंच सांगितलं असतं. जे माहीत नसतं त्याची मला भीती वाटते, मी विचारते, दहादा विचारते. जे येतं म्हणून वाटतं, तिथे मी कोणाला विचारायलाच जात नाही.

आणि काकूंची लेक शुक्रवारी आपल्या दोन्ही मुलांना घेऊन वेल्सला निघणार होती. हाफ टर्मची, म्हणजे शाळेची आठवडाभराची सुट्टी. मेडनहेडहून मोटरवेला लागायचं ते सरळ समुद्रापर्यंत. ती हँगर लेनपासून टायरचा दिवा लागलेला असताना, म्हणजे हवा कमी असतानाच गाडी चालवत आली होती, हे तिने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

दुकानाबाहेर उभं राहूनच काकूंना फोन लावला.

"काकू, ते टायरचं..."

"अगं एकदम झकास! लेक रोज हवा बघते, कौतुकाने. जराही कमी नाही. शेजाऱ्यांना पण सांगितलं तिने तुझं."

"तसं नाही काकू. ते काढायला पाहिजे. मी चुकीचं केलंय."

पलीकडून हसण्याचा आवाज. "हे बघ, तुला ना, काळजी करायला काहीतरी लागतंच. गेल्या महिन्यात बॉयलरचा आवाज. त्याआधी नवऱ्याचा खोकला. माझा विश्वास आहे तुझ्या हातावर. ठेव फोन, आणि जेवून घे."

हे खोटं नव्हतं. बॉयलरला काही झालं नव्हतं, खोकलाही साधाच होता. सतत घाबरणाऱ्या माणसाचं हेच होतं, त्याच्या खऱ्या भीतीला भाव राहत नाही. फोन खिशात ठेवताना एक विचार मनात आला. आपण सांगितलं ना? सांगून झालं. आता पुढचं त्यांचं. त्यांना मी हुशार वाटते आहे, एकदाच, पहिल्यांदाच वाटते आहे, तर वाटू दे की. हा विचार माझाच होता, दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही.

बुधवारी शिफ्ट बदलून घेतली आणि मेडनहेडला गेले. काकूंनी दार उघडलं, नेहमीसारखं आधण ठेवायला वळल्या. त्यांच्या घरी मी आजवर चहाला नको म्हटलं नव्हतं. त्या दिवशी चप्पलही काढली नाही.

"काकू, चहा नको. आधी गाडी."

त्या थांबल्या. लेक वरून खाली आली, कानाला हेडफोन, घरूनच काम चाललेलं. "अगं, आज मला बॅक टू बॅक कॉल्स आहेत. ट्रिपनंतर बघू ना? हवा तर राहते आहे त्याच्यामध्ये."

"हवा राहते आहे म्हणूनच भीती वाटते मला. गेली असती तर तू आपणहून दुकानात गेली असतीस."

"पण तू बोललीस की वर्षभर..."

"बोलले. मला माहीत नव्हतं. उगाच बोलले."

काकूंनी चष्मा काढला. पेशंटला विचारावं तसं एकेक विचारायला लागल्या. "कडेपासून किती?"

"दोन बोटं."

"ही किती अंतर बसलेल्या टायरवर चालवत आली?"

"हँगर लेनपासून. त्याआधीपासून असेल तर कोण जाणे."

"आणि आत काय झालंय ते तू पाहिलं नव्हतंस."

"नाही काकू. आतलं पाहिलंच नाही."

"मग हे मी काल फोनवर का नाही ऐकलं?" त्या म्हणाल्या, आणि ते मला नव्हतं, स्वतःलाच होतं. कोट घेतला. लेकीला म्हणाल्या, "तुझ्या कॉलला सांग, आईला घेऊन डॉक्टरकडे जातेय. अर्धं खरं आहे."

जवळचंच एक टायरचं दुकान गाठलं, गाडी सायकलच्या वेगाने हाकत. मागचा बसवाला हॉर्न वाजवून थकला. दुकानातल्या गोऱ्या कारागिराने चाक उतरवलं, मशिनवर चढवून टायर रिमवरून काढला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. आतल्या बाजूला माझ्या दोरीची दुमड डोकावताना दिसत होती. त्याने भिंतीवरून आतून अंगठा फिरवला आणि आम्हाला दाखवला. काळी पूड. भिंतीवर आतून गोल सुरकुती उठलेली, वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखी.

काकू फोनचा टॉर्च लावून वाकल्या. बराच वेळ वाकूनच होत्या. "बाहेरून हे कधीच कळलं नसतं," त्या म्हणाल्या. लेकीचा हात गाडीच्या मागच्या दारावर होता, मुलांच्या सीट आहेत त्या बाजूला.

कारागिराने पकडीने दोरी ओढून काढली आणि वर धरली. हा टायर काही दुरुस्त होणार नाही म्हणाला. मग विचारलं, "हे कोणी केलं?"

मी तोंड उघडायच्या आत काकू त्यांच्या सुंदर इंग्रजीत म्हणाल्या, "रस्त्यात एकाने मदत केली. भला माणूस होता."

खोटं बोलल्या. माझ्यासाठी. मी त्या बोलण्याआड उभी राहू शकले असते, आणि ते प्रेमाचं होतं म्हणून आणखीच सोपं होतं.

"मी केलं," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं. "काम साफ केलंय," तो म्हणाला. "पण या टायरला करायचं नव्हतं." आणि नवीन टायर आणायला आत गेला. बस, इतकंच.

"तुला गप्प बसता येत नाही का गं?" काकू मराठीत पुटपुटल्या. रागावल्या होत्या की नाही, मला आजही नीट सांगता येणार नाही.

"नाही ना काकू. अजून एक आहे."

"अजून एक काय?"

"आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई. त्यांच्या गाडीला पण घातली मी दोरी, उन्हाळ्यात. त्यांची कड होती का मध्य होता, मला आठवतच नाहीये."

काकूंनी डोळे मिटले, उघडले. प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या आणि शेजारची खुर्ची हाताने थोपटली. "बस. लाव फोन. आणि माझ्यासारखं हसून उडवायला लागल्या, तर मला दे."

मी बसले. नंबर शोधून फोन लावला. तिकडे रिंग वाजली, तीनदा, चारदा, मग त्या बाईंचा आवाज आला.

"हॅलो," मी म्हटलं. "तुमची गाडी आत्ता कुठे आहे?"