वीरगळाजवळच्या अक्का

जे. पी. नगरमधल्या आमच्या बसस्टॉपमागे एक वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या कुणा वीराचा कोरीव दगड. त्याच्याशेजारी एक बाई मोगरा विकतात. त्यांचं नाव मला माहीत नाही. सगळे अक्का म्हणतात. माळ हातभर मोजून झाली, की चार फुलं जास्त देऊनच त्या दोरा तोडतात.

एका सकाळी एक साहेब टेम्पो आणि दोन मजूर घेऊन आले. फार्महाऊसच्या बागेत मांडायला त्यांना तो दगड हवा होता.

"नीट जपू. काय हवं ते मागा," ते कन्नडात म्हणाले.

अक्का उठल्या आणि वीरगळाला पाठ लावून बसल्या. माळ गुंफणं थांबलं नाही.

"दगड तुमचा आहे का?" साहेबांनी आवाज चढवला.

"नाही. म्हणून तर विकता येत नाही."

मजुरांनी पहार खाली ठेवली. इतकी वर्षं मी त्या दगडाकडे नीट पाहिलंही नव्हतं. माझी बस आली, पण मी चढलो नाही. अक्कांशेजारी जाऊन उभा राहिलो. मग स्टॉपवरचे आणखी तिघे आले. टेम्पो रिकामाच परतला.

"ते पुन्हा येतील, अक्का," मी म्हणालो.

"येऊ देत. मी रोज इथंच असते. आता तुम्हीपण आहात."