पाचव्या थरासाठी ग्रिप

ग्रिप हा शब्द मी आधी ऑफिसात ऐकला. मालाडच्या आमच्या न्यूजरूममध्ये संपादक कॉपी परत देताना म्हणत, "विषयावर ग्रिप नाही." आई तो चपलांसाठी वापरते, तळ घासून गुळगुळीत झाला की ग्रिप गेली. रिक्षावाले टायरबद्दल हेच बोलतात. जोगेश्वरीच्या महिला गोविंदा पथकात मात्र ती आज्ञा आहे. ती मिळताच शेजारणीचा दंड पकडायचा, बोटं आतल्या बाजूला. कपडा धरायचा नाही. कपडा सरकतो.

आमची कोच एका बँकेत कॅशियर आहे. सगळ्या तिला ताई म्हणतात. गुरुपौर्णिमेपासून शाळेच्या मैदानात रोज संध्याकाळी सराव चाले. मी दुसऱ्या थरात. मागच्या दहीहंडीला चौथा थर चढत असताना माझा हात सुटला आणि सगळे थर कोसळले. हाड कोणाचं मोडलं नाही, एकीच्या ओठाला टाके पडले. यंदा त्याच चौकात पाच थर लावायचे होते आणि ताईने मला त्याच जागेवर ठेवलं.

"दुसरी कोणी बघ ना ताई."

"हात तुझा सुटला. आता धरायचा पण तूच."

दहीहंडीच्या सकाळी नवे टी-शर्ट आले. भागातल्या एका पुढाऱ्याने दिलेले. पाठभर त्याचा फोटो, थेट खांद्यांवर आलेली जाड, चकचकीत छपाई. आम्ही ते घालून सेल्फी काढले. महिनाभर ग्रिप ग्रिप ऐकूनही त्या छपाईवरून हात फिरवून बघावं, असं एकीच्याही डोक्यात आलं नाही.

चौकात स्पीकरने छाती दणाणत होती. समोरच्या गच्चीवरून पाइपने पाणी मारत होते. खालच्या थराने कडं केलं, आम्ही त्यांच्या खांद्यांवर उभ्या राहिलो. तिसऱ्या थरातली मुलगी माझ्या खांद्यावर चढली आणि तिचा पाय सटकला. माझ्या पाठीवरून घसरत ती खाली गेली. खालच्या बायकांनी तिला झेललं.

"साबण लावून आलीस काय गं?" ती खालून मला ओरडली.

मी खांदा चाचपला. ओली छपाई बुळबुळीत झाली होती.

"टी-शर्ट उलटे करा," ताई म्हणाली. "पटापट."

आमच्या पथकाच्या ट्रकच्या ताडपत्रीमागे पाच मिनिटांत सगळ्यांचे टी-शर्ट उलटे झाले. पुढाऱ्याचा कार्यकर्ता धावत आला.

"अहो ताई, साहेब दिसत नाहीत."

"साहेब आमच्या पाठीशीच आहेत, दादा. बाजूला व्हा."

आयोजकांनी आणखी एक संधी दिली. पुन्हा कडं, पुन्हा आम्ही वर.

"ग्रिप."

मी शेजारणीचा दंड पकडला, तिने माझा. तिसरा थर चढला. या वेळी पाय ठरला. चौथ्या थरातल्या दोघी आमच्या अंगावरून वर गेल्या आणि वजन गुडघ्यांपर्यंत उतरलं. मागच्या वर्षी इथेच सगळं संपलं होतं. पाणी डोळ्यांत जात होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. मग हेल्मेट आणि दोरी बांधलेली कॉलेजची मुलगी निघाली. तिचा पाय माझ्या मांडीवर, खांद्यावर, मग कुठेच नाही.

मला ती दिसली नाही. मान वर करायची नसते. चौक एकदम ओरडला, त्यावरून कळलं की तिने वर उभी राहून सलामी दिली. पाच थर.

"कोणी हलू नका," ताईचा आवाज आला. उतरताना पडण्याची भीती जास्त. एकेक पाय खांद्यावर आला आणि गेला. मी मोजत होते. शेवटी माझ्या खांद्यावरचं वजन गेलं. आम्ही दोघी खाली उतरलो, जमिनीवर आलो, भोवती बायका नाचायला लागल्या.

"अगं, सोड आता," शेजारीण म्हणाली. "हात बधिर झाला माझा."