तोफा बंद पडल्या, असं मी त्यांना सांगितलं

"याला डिलिरियम म्हणतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मोठ्या ऑपरेशननंतर मेंदू गोंधळतो. हे वेड नव्हे. बहुतेकांचं ओसरतं." त्यातला 'बहुतेकांचं' तेवढा माझ्या डोक्यात राहिला.

यांची बायपास उत्तम झाली होती. पण शुद्धीवर आल्यावर हे मला ओळखेनात.

खडकवासल्याच्या अकादमीत यांनी उभी हयात युद्धाचा इतिहास शिकवला. लाडका धडा एकच: छत्रीधारी सैनिकांच्या निवडक तुकडीने समुद्रकाठच्या काँक्रीटच्या तळावर छापा घालून शत्रूच्या तोफा बंद पाडल्या तो. आमच्या विश्रांतवाडीच्या घरात तो आमटी-भाताबरोबर वाढला जायचा. आता हे त्या धड्यातच जाऊन पडले होते. मॉनिटरचे दिवे म्हणजे शत्रूचा तळ, सिस्टर म्हणजे पहारेकरी. सलाइनची नळी हे तारेचं कुंपण समजून उपटायला जायचे, म्हणून हात बांधलेले. ते बघून मला रडू आवरेना.

मग मी शहाणपणा केला. धडा मलाही तोंडपाठ होता. वाकून मोठ्याने म्हणाले, "सर, तोफा बंद पडल्या. जिंकलो आपण."

हे एकदम शांत झाले. म्हणाले, "परत किती आले?"

"सगळे."

"सगळे कधीच येत नसतात," हे म्हणाले. "तुम्ही आपल्यातल्या नाही." त्यानंतर माझ्या हातचं पाणीसुद्धा घेईनात.

डॉक्टरबाईंनी मला बाहेर नेलं. "त्यांच्या लढाईत शिरू नका, वादही घालू नका. खरं तेच सांगा. आपण कुठे आहोत, वार कोणता, तुम्ही कोण. आणि त्यांचा चष्मा, कानाचं मशीन कुठंय?"

दोन्ही माझ्या पर्समध्ये होतं. हरवू नये म्हणून! तुमच्यावर ही वेळ आली, तर एवढं तरी माझ्यासारखं करू नका.

मग यांना चष्मा आणि मशीन लावून मी सांगत बसले. हे पुणे. हे हॉस्पिटल. आज मंगळवार. मी सुनंदा, तुमची बायको. दुसऱ्या दिवशी बुधवार, बाकी तेच. चाळीस वर्षांच्या संसारानंतर स्वतःची ओळख करून देताना फार अपमान वाटतो.

एका सकाळी हे वैतागून म्हणाले, "कळलं गं सुनंदा. किती वेळा सांगशील?" यांचं खेकसणं मला जन्मात इतकं गोड लागलं नव्हतं.

आता हे घरी आहेत. डॉक्टरबाईंचे, त्या सिस्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. पण परवा चहा पिताना हे म्हणाले, "तू खोटं बोलतेयस, हे मला कळत होतं. तू कोण, तेवढंच कळत नव्हतं." म्हणजे यांना सगळं आठवतंय.

हल्ली हे झोपेतून उठले, की मी स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून उभी राहते. मला नावाने हाक मारेपर्यंत जिवात जीव नसतो.